ग्रँट ग्रीनची तबकडी आणि ५० हर्ट्झची गुणगुण: माझा अनुभव

जॅझ गिटारवादक ग्रँट ग्रीनच्या 'लाइव्ह ॲट द लाइटहाउस' या दोन तबकड्यांच्या अल्बमच्या चारही बाजू एकदाच्या संगणकात उतरल्या. खरं काम दोन दिवसांचं, बाकीचे तीन आठवडे स्पीकरमधून येणाऱ्या विजेच्या गुणगुणीने खाल्ले. टर्नटेबल दोनदा दुरुस्तीला जाऊन आलं आणि दोन्ही वेळा 'मशीन ओके आहे' एवढंच ऐकायला मिळालं. मशीन खरंच ओके होतं. मग दोष कुठे शोधायचा, हे मात्र कुणी सांगेना. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बहुतेकांचा सल्ला एकच: ५० हर्ट्झवर नॉच फिल्टर (तेवढीच कंपनसंख्या कापणारी चाळणी) लाव आणि मोकळा हो. या तबकडीवर ते अजिबात करू नका. २१ एप्रिल १९७२ला कॅलिफोर्नियातल्या हर्मोसा बीचला, लाइटहाउस क्लबात झालेलं हे वादन. ग्रीनची गिटार एकेक सूर सुटा टाकत जाते, पण तिला उचलून धरतो तो खालचा थर: विल्टन फेल्डरचा बास आणि शेल्टन लास्टरचा ऑर्गन. बासच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला 'जी' सूर लागतो, तो ४९ हर्ट्झचा. त्याच्या वरचा जी ९८ला आणि त्याच्याही वरचा १९६ला. आपल्या विजेची गुणगुण ५०, १००, १५०, २०० अशी चढत जाते. म्हणजे फिल्टरने गुणगुण कापली की फेल्डरचा जी तिच्याबरोबर गेलाच, आणि फंकमध्ये बासचा एक सूर पडला तरी चाल लंगडते. अमेरिकेतल्या लोकांचं ६० हर्ट्झ ए-शार्प आणि बी यांच्या मध्ये पडतं, त्यामुळे त्यांना हा मार थोडा कमी बसतो. त्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते यामुळेच.

तेव्हा गुणगुण उगमातच मारायची. आधी सुई उचलून ठेवा आणि ऐका. तरीही आवाज येत असेल तर तबकडीचा संबंध नाही. मग टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, हाताने, सुई न टेकवता, हळूहळू आतल्या बाजूला न्या. आवाज वाढत गेला तर कार्ट्रिज (सुईच्या कंपनांची वीज करणारा भाग) एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या किंवा मोटरच्या क्षेत्रात येतंय. प्रीॲम्पचा (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डब्याचा) अडॅप्टर हातभर लांब सरकवला तरी फरक कळतो. त्यानंतर टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर प्रीॲम्पच्या स्क्रूखाली नीट आवळली आहे का ते बघा. पावसाळ्यात तिथे हिरवट थर धरतो, तो खरवडून काढावा लागतो.

गुणगुण एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये असेल तर हेडशेलच्या, म्हणजे कार्ट्रिज बसवलेल्या टोकाच्या, चार वायरी तपासा. पांढरी आणि निळी डावीकडची, लाल आणि हिरवी उजवीकडची. माझ्याकडे हिरवीची पिन काळी पडली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, पाच मिनिटांचं काम.

दोन्ही बाजूंची गुणगुण त्यानंतरही उरली. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ती गेली! लॅपटॉपची अर्थिंग एका सॉकेटमधून, ॲम्पची दुसऱ्यातून, आणि दोन्ही ऑडिओ केबलने जोडलेले, असा तो ग्राउंड लूप होता. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. तेवढ्याने भागलं नाही तर लाइन आयसोलेटर (ऑडिओ केबलमधला थेट विद्युतसंबंध तोडणारा डबा) लावा, पण प्रीॲम्पच्या पुढे, कार्ट्रिज आणि प्रीॲम्पच्या मध्ये कधीच नाही. प्लगची तिसरी, अर्थची पिन कापायची मात्र नाही, त्यात जिवाला धोका आहे. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे वायरच नसते, तेव्हा वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.

बाकी सेटिंग सरळ आहे. सुईचा भार कार्ट्रिजच्या कागदावर असेल तेवढा, माझा २ ग्रॅम, आणि तो छोट्या वजनकाट्यावरच मोजायचा. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. वीस मिनिटांची बाजू साधारण ६९० एमबी होते. अमेरिकेतून आणलेलं टर्नटेबल सिंक्रोनस मोटरचं (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारं) असेल तर ५० हर्ट्झवर ते तीन अर्ध्या सुरांहून जास्त खाली उतरतं, पुली बदलावी लागते.

तबकडी धुण्याचं राहिलं, ते खरं तर सगळ्यांत आधी. आपल्या दमट हवेत खाचांत बुरशी बसते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल आणि एक थेंब भांड्यांचं लिक्विड, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. लेबल ओलं होऊ देऊ नका.

टकटक घालवणारं ऑटोमॅटिक सॉफ्टवेअर इथे बंद ठेवा. बॉबी पोर्टर हॉलची तालवाद्यं, गॅरी कोलमनच्या व्हायब्राफोनवर पडणारी काठी आणि लोकांच्या टाळ्या, सगळ्यांनाच ते ओरखडा समजतं आणि ठोक्याची धार बोथट करतं. मी टिचक्या एकेक शोधून हाताने काढल्या. 'बेचा बाय गॉली, वाव' शांत आहे, तिथेच त्या जास्त बोचतात.

बाजू जोडताना मध्ये पूर्ण शांतता ठेवू नका, क्लब अचानक रिकामा झाल्यासारखं वाटतं. एका बाजूच्या शेवटच्या टाळ्या पुढच्या बाजूच्या सुरुवातीच्या गलक्यावर तीन-चार सेकंद चढवा आणि हेडफोन लावून ऐका. जोड टाळ्यांच्या लाटेवर बसला तर कळत नाही, एकट्याच्या शिट्टीवर बसला तर लगेच कळतो.