खेळवायचे अडीचशे रुपये

"खेळ खेळवायचे पैसे घेतोस?" हा प्रश्न मला आता रंकाळ्यावर भेळ खातानाही विचारतात. विचारणाऱ्याच्या हातातली भेळ विकतचीच असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच.

हो, घेतो. खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स: टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट रंगवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन डाइस टाकत खेळायचं. शनिवारी संध्याकाळी, राजारामपुरीत वडिलांच्या दुकानावरच्या खोलीत, माणशी अडीचशे. चार तासांचं सेशन, दोन वेळा चहा. त्या चार तासांपायी आठवड्यातल्या माझ्या तीन रात्री जातात. नकाशे काढायचे, राक्षसांची आकडेमोड करायची, मागच्या खेपेला कुणी सराईवाल्याला नको ते वचन देऊन ठेवलंय ते निस्तरायचं. पुस्तकं माझी, डाइस माझे, पाठदुखीही माझीच.

2019 मध्ये मीच सांगत फिरायचो, की डीएमनं (डंजन मास्टर, म्हणजे खेळवणारा) पैसे घेणं म्हणजे घरी जेवायला बोलावून ताटाचं बिल लावणं. त्या शहाण्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तो दर वेळी हरतो असंही नाही.

डिसेंबर 2022 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मालकांनी, म्हणजे हॅस्ब्रो आणि तिच्या विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, गुंतवणूकदारांना सांगितलं की या खेळातून निघायला हवा तेवढा पैसा निघत नाही. खेळवणारे 20 टक्क्यांच्या आसपास, पण खर्चाचा मोठा वाटा तेच उचलतात. आता बाकीच्यांचाही खिसा बघायला हवा. मी संतापलो. चारच आठवड्यांनी नव्या लायसन्सचा मसुदा फुटला.

2000 सालापासून ओजीएल, म्हणजे ओपन गेम लायसन्स, होतं. त्यांचे नियम घ्या, त्यावर आपलं साहस रचा, छापा, विका, त्यांना काही देऊ नका. त्याच भरवशावर मी आणि माझ्या एका मित्रानं मराठीत पुस्तक रचलं होतं. पन्हाळ्याच्या अंगाचा एक काल्पनिक किल्ला, खाली भुयार, भुयारात पाणी. लिहिणं माझं, चित्रं आणि नकाशे त्याचे. दिवसा तो फ्लेक्सची डिझाइनं करायचा आणि रात्री बुरुज काढायचा. पाच महिने. पैसे खपल्यावर वाटून घ्यायचे ठरलं होतं. 300 प्रती, लक्ष्मीपुरीतली एक प्रेस, बारा हजार ॲडव्हान्स.

जानेवारी 2023 मधल्या त्या मसुद्यात जुनं लायसन्स मोडीत काढायचा घाट होता. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर धंदा करणाऱ्यांकडून रॉयल्टी मागितली होती. त्याला मी भ्यालो नव्हतो, एवढं गणित मलाही येतं. मी भ्यालो दुसऱ्या कलमाला. तुम्ही जे लिहाल ते कंपनीला कायमचं, फुकट वापरता येईल, आणि अटी 30 दिवसांच्या नोटिशीवर बदलता येतील. रात्रभर तेच वाचत बसलो. सकाळी प्रेसवाल्याला फोन केला, "थांबवा."

"प्लेटी निघाल्यात साहेब."

"तरी थांबवा."

ॲडव्हान्स बुडाला. प्रेसवाल्यानं ॲल्युमिनियमच्या प्लेटी तेवढ्या देऊन टाकल्या. आईनं त्या फडताळात अंथरल्या. आजही तूरडाळीचा डबा उचलला की खाली चोरदरवाजा दिसतो.

मित्राला मी दुपारी सांगितलं. आधी तो हसला. "साडेसात लाख डॉलर? मर्दा, आपल्याला तीनशे प्रती खपवायला दिवाळी उजाडंल." मग माझं तोंड बघून गप्प झाला आणि म्हणाला, "मला विचारलास काय?"

नव्हतं विचारलं. मी कलमं समजावत राहिलो, आणि तो मान हलवत राहिला. माझी भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन. अमेरिकेतल्या मोठमोठ्या प्रकाशकांनीही धसका घेतला होता. पायझोसारख्यांनी तर वेगळं लायसन्स आणायची घोषणा केली. पण ते सगळे निदान आपापल्या माणसांशी बोलून ठरवत असतील. 27 जानेवारीला कंपनीनं माघार घेतली, जुनं लायसन्स तसंच ठेवलं आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली टाकले. ते आता परत घेता येत नाहीत. मी उड्या मारत फोन केला. तो म्हणाला, लग्नसराईची कामं हातात आहेत, बघू नंतर.

नंतर काही आलंच नाही. तेव्हा ठरवलं की छापायचं नाही. कुणाच्या कलमानं जाणार नाही असं माझ्यापाशी एकच होतं, समोर पाच जण बसवून गोष्ट रंगवणं. ते विकायला काढलं. म्हणजे काय झालं, तर बाकीच्यांचाही खिसा बघायचा म्हणणाऱ्या कंपनीवर मी थुंकलो, आणि स्वतःच्या टेबलावर नेमकं तेच करायला लागलो. हे कुणी तोंडावर म्हटलं नाही अजून. म्हणायला हवं होतं.

गेल्या दिवाळीनंतर मित्र एकदा आला. कोपऱ्यात बसला, एका चोराचं कॅरेक्टर घेतलं आणि झकास खेळला. त्याला मी पैसे मागितले नव्हते, मागणारही नव्हतो. सगळे गेल्यावर कप उचलायला लागलो, तर त्याच्या बशीखाली दोनशेची एक आणि पन्नासाची एक नोट. माझा दर मान्य म्हणून ठेवली, की हिशेब मिटवायला ठेवली? फोन हातात घेऊन विचारायचं दोनदा राहिलं.

येत्या शनिवारी एक जागा रिकामी आहे. सहाला या. अडीचशे, चहा धरून.