वाढत्या अंगाचं माप

आमच्याकडे मुलांचं काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. शाळेचा गणवेश एक माप मोठा, फ्रॉकची दुमड चार बोटं आत घातलेली, म्हणजे पुढच्या वर्षी उसवता येते. बुटाच्या टोकात कापूस. माझ्या आईने आम्हा तिघा भावंडांना असंच वाढवलं आणि मीही लेकीसाठी डोळे झाकून तेच करत आले. गोल्फच्या स्टिक्स घेताना मात्र याच सवयीने माझ्या मुलीचं जवळपास एक वर्ष वाया गेलं. कुणा दुसऱ्या आईबाबांचं जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

गोल्फ आमच्या घरात कुणीच खेळलेलं नाही. मी मूळची नाशिकची. लहानपणापासून गोल्फ म्हटलं की मला आमचं गोल्फ क्लब मैदान आठवायचं, जिथे लोक सकाळी फिरायला जातात आणि रणजीचे सामने होतात. मग ७ ऑगस्ट २०२१ची पहाट आली. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकासाठी खेळत होती. अर्धा देश नियम कळत नसतानाही टीव्हीसमोर बसला होता, त्यात आम्हीही होतो. एका फटक्याने तिचं पदक हुकलं, चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं आणि सगळे भाल्याबद्दल बोलू लागले. माझी सात वर्षांची मुलगी मात्र विचारत होती, "आई, तिची बॅग खरंच तिची आई उचलत होती?" हो, खरंच. टोकियोत अदितीची कॅडी तिची आई होती, त्याआधी २०१६ला रिओमध्ये वडील. मुलीला खेळापेक्षा बहुधा हेच आवडलं असावं. दिवाळीनंतर आम्ही तिला पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागी, घेऊन गेलो.

पहिले काही आठवडे रेंजवरच्याच स्टिक वापरल्या. मग यांच्या मावसभावाने त्याचा जुना सेट देऊ केला. स्टीलचा, चांगल्या कंपनीचा. एका दुकानदाराने तो कापून, नवीन ग्रिप (हातात धरायची मूठ) बसवून दिला. "लहान मुलांना असाच देतात," म्हणाला. आम्हाला पटलं, कारण उंची बरोबर जुळत होती. स्टिक तिच्या कमरेपर्यंत येत होती, आणखी काय पाहायचं असतं?

पुष्कळ काही पाहायचं असतं. नंतर समजलं ते असं. स्टिक आखूड केली तरी खालचं डोकं मोठ्या माणसाच्याच वजनाचं राहतं. शाफ्ट, म्हणजे स्टिकची दांडी, कापला की उरलेला तुकडा जास्त ताठ होतो, कारण लांब काठी लवते तशी आखूड काठी लवत नाही. मोठ्या माणसाच्या वेगवान फटक्यात जो शाफ्ट थोडा वाकून मोकळा होतो, तो सात वर्षांच्या मुलीच्या हातात सळईसारखा राहतो. वर ग्रिप मोठ्यांच्या जाडीची. छोटी बोटं तिच्याभोवती पुरी वळतच नाहीत, मग पोर ती मुठीने आवळून धरते.

फेब्रुवारीत तिचं मनगट दुखू लागलं. रेंजवर आपण हिरव्या मॅटवरून मारतो आणि मॅटखाली काँक्रीट असतं. जड स्टिक चेंडूच्या आधी मॅटवर आपटली की धक्का थेट हातात येतो. त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत होती, पण मला तिचा अर्थ लागत नव्हता. ती फटका मारताना मागे झुकायची. स्टिकचं डोकं जड असल्यामुळे ते वर न्यायला सगळं अंग मागे टाकायची आणि शेवटी तोल जाऊन एक पाऊल मागे सरकायची. मी बाकावरून सांगायचे, "नीट उभी राहा गं." ती नीटच उभी राहत होती, पण त्या वजनापुढे तिचं काही चालत नव्हतं. हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

हे आधी ओळखलं ते रेंजवरच्या एका वयस्कर काकांनी. आयुष्यभर कॅडीचं काम केलेले. एक दिवस जवळ येऊन म्हणाले, "ताई, रागावू नका, पण पोरीच्या हातात लोखंड दिलंय तुम्ही." त्यांनी तिला डाव्या हातात एकटी स्टिक आडवी, समोर सरळ धरायला सांगितली आणि दहा आकडे मोजायला लावले. चारवर स्टिकचं डोकं खाली गेलं. घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती ७ नंबरची आयर्न (मधल्या पल्ल्याची स्टिक) तोलली, चारशे ग्रॅमच्या थोडी वर भरली. पुढे तिच्या मापाची घेतली ती पावणेतीनशेची. सव्वाशे ग्रॅमचा फरक ऐकायला छोटा वाटतो. पण ते वजन काठीच्या टोकाला असतं आणि ते फिरवायचं असतं.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ती सर्वस्वी माझी होती. मुलांचा खास सेट घ्यायचा हे ठरलं. मुलांचे सेट उंचीवर विकतात. यू.एस. किड्ससारख्या कंपन्या तर दर तीन इंचांना, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटरला, वेगळं माप काढतात. लेक तेव्हा ४७ इंचांची होती. मी ५४चा सेट मागवला. हिशोब सरळ होता, दोन माप पुढचं घेतलं तर दोन-अडीच वर्षं बघायला नको. दुमड घालून घेतलेला फ्रॉकच तो.

फ्रॉक सैल असला तरी मूल त्यात धावतं. लांब स्टिकशी मात्र अंग जुळवून घेतं आणि ती जुळवाजुळव सवय होऊन बसते. ती स्टिक बरीच खाली धरायची, मग ग्रिपचं उरलेलं टोक पोटाला टोचायचं, म्हणून हात अंगापासून लांब न्यायची. खाली स्टिकच्या डोक्याची टाच, म्हणजे दांडीजवळची बाजू, जमिनीला टेकलेली आणि पुढचं टोक हवेत. त्यामुळे स्टिकचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, डावीकडे वळतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. चेंडू सारखा डावीकडे जातो म्हणून तिने आपणहून उजवीकडे रोख धरायला सुरुवात केली. मुलं हुशार असतात, वाईट साधनावरही उपाय शोधतात. तो उपाय पुढे मोडून काढायला तिला शिकवणाऱ्या आमच्या सरांना पाच महिने लागले.

सरांनी मला एक प्रयोग दाखवला, तो प्रत्येक पालकाने करावा असा आहे. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर एक जाड उभी रेघ काढायची. ती रेघ स्टिकच्या बाजूला, अगदी सरळ उभी येईल असा चेंडू ठेवायचा आणि मुलाला नेहमीसारखा मारू द्यायचा. रेघेचा ठसा स्टिकच्या चेहऱ्यावर उमटतो. तो सरळ उभा असेल तर स्टिकचा कोन मुलाला बरोबर आहे, तिरका असेल तर नाही. आमच्या स्टिकवरचा ठसा चांगलाच कलंडलेला होता. पाच मिनिटांचं, बिनखर्चाचं काम. विकत घेण्याआधी दुकानात किंवा रेंजवर कुणाची स्टिक मागून हे केलं असतं तर पैसे आणि महिने दोन्ही वाचले असते.

जून २०२२मध्ये, ती साडेअठ्ठेचाळीस इंचांची असताना, आम्ही ४८ मापाचा सेट घेतला. या वेळी मी सरांना विचारत बसले आणि त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. वाढीसाठी जागा ठेवायचीच असेल तर एक इंच. मूल ग्रिपवर एक इंच खाली धरून आरामात खेळत असेल तर चालेल, त्याहून जास्त नाही. डाव्या हाताने ग्रिप धरली की मधल्या दोन बोटांची टोकं तळव्याला अलगद टेकली पाहिजेत. तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक, टेकलीच नाहीत तर जाड. आणि फटका मारून झाल्यावर मुलाला तसंच थांबून तीन मोजता आले पाहिजेत. सगळी मापं बरोबर असून तीन मोजता येत नसतील, तर वजन अजून जास्त आहे.

पहिल्याच दिवशी ती तीन मोजून माझ्याकडे वळली आणि हसली. चेंडू काही फार लांब गेला नव्हता.

सेटमध्ये किती स्टिक हव्यात यावर घरात बरीच चर्चा झाली. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ ठेवता येतात, म्हणून यांना वाटत होतं की मुलीला निदान दहा तरी हव्यात. आम्ही सहा घेतल्या: ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याची), एक हायब्रिड (ड्रायव्हर आणि आयर्नच्या मधली), ७ आणि ९ नंबरच्या आयर्न, एक वेज (जवळच्या उंच फटक्यांची), पटर (होलमध्ये चेंडू ढकलायची). कारण मला रेंजवरच दिसलं होतं. लागोपाठच्या दोन आयर्नमध्ये मोठ्या माणसाच्या फटक्यात दहा-बारा यार्डांचा फरक पडतो. या वयात वेगच इतका कमी असतो की ७ नंबर आणि ८ नंबर जवळजवळ एकाच जागी पडतात. मग दोन्ही कशाला? शिवाय बॅग उचलायची कुणी? (आमच्याकडे मी उचलते, पण मुद्दा तो नाही.)

ड्रायव्हरचं उलटं वाटेल. मोठ्यांच्या ड्रायव्हरचा चेहरा साधारण ९ ते साडेदहा अंशांनी मागे कललेला असतो, आणि पालकांना वाटतं की तसाच घेतला तर चेंडू लांब जाईल. कमी वेगाच्या फटक्याला एवढ्या उभ्या चेहऱ्यावरून चेंडू उडतच नाही, गवतातून सरपटत जातो. मुलांच्या ड्रायव्हरचा कोन १५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो तो याचसाठी. चेंडू हवेत राहिला तरच लांब जाणार. आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला चेंडू उडताना दिसणं फार महत्त्वाचं असतं. त्या दृश्यासाठी ती पहाटे साडेपाचला उठते.

पटरकडे आम्ही दुर्लक्ष केलं होतं, आणि तेही बरोबर नव्हतं. चेंडूवर वाकल्यावर डोळे साधारण चेंडूच्या वर यायला हवेत. पटर लांब असेल तर मूल ताठ उभं राहतं, डोळे मागे राहतात आणि होलची रेषा चुकीची दिसते. फेरीतले बरेचसे फटके पटरने मारले जातात. तेव्हा ड्रायव्हरवर आठवडे घालवून पटर "असू दे तोच" म्हणणं म्हणजे पोळपाट-लाटणं पारखून घेऊन तव्याकडे न पाहणं.

खर्चाचं सांगायचं तर दर माप नवं घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. ४८चा सेट वापरलेला मिळाला, रेंजवरच्याच एका मुलाचा, साडेआठ हजारांना. मुलांचे सेट झिजायच्या आधी लहान होतात, म्हणून वापरलेले बहुतेक चांगलेच असतात. ग्रिप तेवढ्या बदलून घ्याव्यात, आपल्या हवेत त्या कडक होतात. आमच्या रेंजवरचे पालक आता मापाप्रमाणे सेट पुढे देतात, जसा वह्या-पुस्तकांचा संच वरच्या वर्गातून खालच्या वर्गात जायचा. एखादीच स्टिक कमी असेल तर डिकॅथलॉनमध्ये मुलांच्या सुट्या स्टिक मिळतात, तो हायब्रिड आम्ही तिथूनच घेतला. शाफ्टला मागून जोड देऊन इंचभर वाढवण्याचाही उपाय आहे. आम्ही तो पटरला केला आणि चालला. आयर्नला करू नये असं सरांचं मत पडलं, लांबी वाढली की तेच डोकं फिरवताना जड लागतं.

मुलं किती वाढतात हे मात्र रोज डोळ्यांसमोर असून कळत नाही. आम्ही दर तीन महिन्यांनी, शाळेच्या परीक्षांच्या सुमारास, बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करतो. ४८चं माप तिला सतरा महिने पुरलं. ५१चं चौदा महिने. जानेवारी २०२५मध्ये ५४चा सेट आला, तोच जो मी तीन वर्षांपूर्वी मागवून माळ्यावर ठेवला होता. या वेळी तो तिच्या हातात असा बसला की मी काही क्षण बघतच राहिले. आणि तो दहाच महिने टिकला. मुली दहा-अकराच्या वयात एकदम उंच होतात, हे आईला ठाऊक असतं, तरी स्टिकच्या हिशोबात लक्षात येत नाही. त्या दहा महिन्यांतल्या शेवटच्या दोनात तिचे फटके अचानक बिघडले होते. ती रडलीसुद्धा, "मला येतंच नाहीये" म्हणाली. सरांनी तिच्या फटक्याला हात लावला नाही. आधी उंची मोजायला सांगितली.

आता ती ५७ इंचांची आहे. पुढची पायरी बायकांच्या हलक्या ग्रॅफाइट शाफ्टच्या सेटची, साधारण पाच फुटांनंतर. यांनी आत्ताच विषय काढला होता, "तीनच इंचांचा तर प्रश्न आहे, एकदम तोच घेऊ या का?" मी काही बोलायच्या आधी लेकीनेच उत्तर दिलं, "बाबा, मी पाच फुटांची झाल्यावर."

५४चा सेट गेल्या रविवारी रेंजवरच्या एका नऊ वर्षांच्या मुलीकडे गेला. तिच्या आजी बरोबर आल्या होत्या. स्टिक नातीच्या शेजारी उभी करून म्हणाल्या, "जरा मोठीच आहे, पण बरं, वाढत्या अंगाची आहे." मी त्यांना बाकावर बसवलं, पर्समधून मार्कर काढला आणि नातीला म्हटलं, "ये गं, हा एक चेंडू मार."