सगळ्यात मोठा मासा गळाला लागतच नाही
सांगलीत कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसणाऱ्यांच्यात हा विषय कायम निघतो, जगातला सगळ्यात मोठा मासा कुठला आणि तो गळानं निघंल का. तर मासा म्हणजे व्हेल शार्क, १८ मीटरपर्यंत वाढतो, आणि नाही निघणार. तोंड उघडून पाणी गाळत प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खाणारा मासा तो, गळाला लावणार काय?

मोठ्या माशांचे शौकीन जातात मार्लिन, ट्यूना, शार्कच्या मागं. १९५३ ला पेरूत आल्फ्रेड ग्लासेलनं ७०७ किलोचा ब्लॅक मार्लिन काढला, १९५९ ला ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड डीननं १२०८ किलोचा ग्रेट व्हाइट शार्क, तेपण रॉडनं, म्हणजे हातातल्या गळाच्या काठीनं! दोन्ही रेकॉर्ड अजून तसेच आहेत.

लोकांना वाटतं हे नुसतं ताकदीचं काम, पण सगळा खेळ रीलच्या, म्हणजे रॉडवरच्या दोरी गुंडाळायच्या चकरीच्या, ड्रॅगचा. ड्रॅग म्हणजे रीलमधला ब्रेक, दोरी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर लावायचा, मग मासा पळाला तरी दोरी तुटत नाही, करकरत सुटत जाते, आणि मासा दमला की रॉड वर उचलायचा, खाली आणता आणता दोरी गुंडाळून घ्यायची, परत उचलायचा. खुर्चीत बसून रॉड-रील पट्ट्यानं अंगाला अडकवून घेतलेला माणूस हे तासन्तास करतो आणि बोटवाला बोट रिव्हर्स घेत माशाच्या मागं जात राहतो. निम्मं श्रेय बोटवाल्याचं, माझं तरी स्पष्ट मत आहे.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती कंबोडियातली गोष्ट. जून २०२२ मध्ये मेकाँग नदीत एका मच्छीमाराच्या गळाला ३०० किलोचा स्टिंगरे, म्हणजे चपट्या अंगाचा, लांब शेपटीचा मासा, लागला, मादी, शेपटीसकट जवळपास ४ मीटर, काठावर ओढायला डझनभर माणसं लागली. गोड्या पाण्यातला नोंद झालेला सगळ्यात मोठा मासा हाच. शास्त्रज्ञांनी मच्छीमाराला बाजारभावानं पैसे दिले, ती कुठं जाते ते कळायला तिला टॅग लावला आणि परत नदीत सोडली.

आपल्याकडं हे व्हायला पाहिजे ओ. कृष्णा-कोयनेत महाशीर आहे, आणि मादी जेवढी मोठी तेवढी अंडी जास्त, पावसाळ्यात अशी एक मारली की पुढची हजारो पिल्लं गेली. खायला कटला आहे की, पाहिजे तेवढा न्या. महाशीर लागला तर हात ओले करून धरा, पाण्यातच ठेवून पटकन फोटो काढा आणि सोडा. आणि गळाचा उलटा काटा घरनंच पकडीनं दाबून सपाट करून आणा, माशाचं तोंड न फाटता गळ लगेच निघतो.