अंकलीच्या अलीकडे

बेळगावहून माघीला पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंड्या बऱ्याच. आमची त्यातली लहान. पुढे पताका, मग टाळकरी, मधे वीणा, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, आणि भांडी-बिछान्यांचा ट्रक, जो गरज असेल तेव्हा कधीच जवळ नसतो. हिची वारी नेमाची. मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. "येताय नव्हं?" असं हिनं विचारलं खरं, पण माझी पिशवी भरून झाल्यावर.

काकती सोडून वंटमुरीचा घाट येईपर्यंत अंगात भलताच उत्साह होता. संकेश्वर, चिक्कोडी कधी मागे पडलं, नीट आठवतही नाही. पहाटे काकडा, उघड्यावर गार पाण्याची अंघोळ, चाल, संध्याकाळी हरिपाठ, रात्री शाळेच्या व्हरांड्यात शेजाऱ्याचं घोरणं. आमच्या रांगेतले एक गृहस्थ प्रत्येकाला विचारायचे, "आपण कुठल्या पोस्टवर होता?" टाळ थांबला की हे सुरू. एकदा मी त्यांना चुकवायला मुद्दाम चप्पल-बूट बदलणाऱ्यांत जाऊन बसलो.

तसाच एक प्रश्न निघताना मुलीनेही विचारला होता, फोनवर. ती पुण्यात असते. नोकरी, घर, कर्ज, मूल कधी, सगळं तिच्या लॅपटॉपवर रकान्यांत मांडलेलं. "बाबा, बी.एस्सी. झाल्यावर तुमचा प्लॅन काय होता?"

कसला प्लॅन? १९८६ साली केमिस्ट्री घेऊन पास झालो. मास्तर व्हायचं असं घरात बोललं जायचं. कर्नाटकातल्या सरकारी नोकरीला कन्नड हवं, माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. महाराष्ट्रात गेलं की रहिवासी दाखला मागणार. आमच्याकडची कितीतरी पोरं पदवी घेऊन अशीच मधल्या मधे उभी असायची. बी.एड.चा फॉर्म आणायला निघालो होतो, तर वाटेत मित्र भेटला. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत लॅबला माणूस हवा होता. "तात्पुरता ये की रे," म्हणाला. साच्यांच्या वाळूतला ओलावा बघायचा, लोखंडाच्या नमुन्यातला कार्बन, सिलिकॉन काढायचा, भट्टीवाल्यांच्या शिव्या खायच्या. ते तात्पुरतं निवृत्तीपर्यंत चाललं.

लग्नाचंही तेच. येळ्ळूरला चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो, मी आपला सोबतीला. त्याची पत्रिका जुळली नाही, माझी जुळली. अनगोळचा प्लॉट हिनं भिशीच्या पैशांवर धरला, मला सहीपुरतं नेलं. २००८ च्या मंदीत आमची फौंड्री आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागली आणि पगार कधी होईल ते मालकही सांगेना, तेव्हा हिनं इंजिनिअरिंगच्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. मंदी गेली, डबे राहिले. मुलीची फी त्यातूनच गेली. नातेवाईक अजून म्हणतात, "सगळं कसं व्यवस्थित आखलात!" मी मान हलवतो. ही आत भाकऱ्या थापत असते.

चिक्कोडी सोडल्यावर दुपारी टाच पेटली. मुलीने पाठवलेले महागडे बूट. उसाचे दिवस, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून अंगावरून जायचे, आणि त्यात आमचा गजर कुठल्या कुठे. तोंडाने 'ज्ञानोबा-तुकाराम' आणि मनात ट्रॅक्टरवाल्याच्या आईबापाचा उद्धार. दिंडी पुढे गेली. फोड फुटला तेव्हा मी रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानासमोर होतो.

"बर्री, कुंद्री," या, बसा, म्हणत आतल्या माणसाने टायरवर पोतं टाकलं. पायाकडे पाहिलंच नाही, आधी बूट उचलला. आत अंगठा घालून दाबत गेला आणि शिवण जिथे वर आली होती तिथे थांबला. जुन्या ट्यूबमधून अर्धचंद्र कापला, कानशीने घासून खरखरीत केला, दोन्हीकडे सोल्युशन लावलं. आणि मग काही न करता बसून राहिला. मला बरं वाटलं. बहुतेक लोक इथेच घाई करतात, ओलं असतानाच दाबतात. याने बोट टेकवून बघितलं, चिकटेना तेव्हाच बसवलं, आणि हातोडीने हलके ठोकलं. आयुष्यभर कच्चे-पक्के नमुने पाहिलेल्या माणसाला असा हात ओळखू येतो. तोवर त्याची आई सुईत पांढरा दोरा घेऊन आली होती. दुसऱ्या टाचेवरचा न फुटलेला फोड आरपार ओवला, दोरा आतच ठेवला आणि दोन्ही टाचांना हळद लावली.

त्याने दहा रुपये घेतले. वाटेत केळी वाटून फोटो काढणारे इतके भेटले होते की कामाचे पैसे घेणारा माणूस बघून मी सुखावलो. मोटरसायकलवर सोडतो म्हणाला. नको म्हटलं, पायी वारी आहे. तर यानं माझी पिशवी सीटवर ठेवली आणि गाडी हाताने ढकलत माझ्याबरोबर चालायला लागला, दुकान तसंच उघडं टाकून. मराठी-कन्नड मिसळून बोलत होतो. आधी कोल्हापुरात गॅरेजमध्ये होता, आई आजारी पडली म्हणून चार दिवसांसाठी आला. "मग हेच," म्हणाला. दिंडीचा शेवटचा माणूस दिसल्यावर पिशवी दिली आणि गाडीला किक मारून गेला. नाव विचारायचं राहिलं.

माउलींचे अश्व आषाढीला ज्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीकडे निघतात, तो अंकलीत आहे. मी बाहेरून हात जोडले, टाच टेकवत नव्हती. पुढे कृष्णेवरचा पूल, कागवाड, म्हैसाळ, मिरज. कवठेमहांकाळला कुणीतरी द्राक्षं दिली, आंबट होती. सांगोल्याच्या पुढे रडू का आलं, सांगता येत नाही. हरिपाठ चालू होता, ऊन खाली आलं होतं, आणि पुढे तुळस घेतलेल्या बायकांत हिची पाठ दिसत होती. पाच मिनिटांनी पोस्टवाल्या गृहस्थांनी गाठलं, तेव्हा डोळे कोरडे झाले.

पंढरीत दर्शनबारी बघून आम्ही मुखदर्शनावर भागवलं. चंद्रभागेवरून परतलो तर दिंडीप्रमुख मलाच शोधत होते. पुढच्या माघीला ट्रकचा शिधा आणि हिशेब माझ्याकडे, असं हिनं त्यांना संकेश्वरातच सांगून ठेवलं होतं. तूरडाळ बेळगावातूनच भरायची की मिरजेत घ्यायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं.