फुलावर आलेली कोथिंबीर

वसंत सरत आला तशी वाफ्यातली कोथिंबीर फुलावर आली. दिवस लांबले आणि ऊन तापू लागले की हे रोप पाने धरण्याचे सोडून मधला दांडा उंच काढते. त्यावर येणारी नवी पाने शेपूसारखी बारीक चिरलेली असतात आणि त्यांचा स्वादही पहिल्यासारखा राहत नाही. सावली करून हे थोडे लांबवता येते, थांबवता मात्र येत नाही. अशा वेळी रोपे उपटून जागा मोकळी करण्याकडे बहुतेकांचा कल असतो. मी एक पूर्ण ओळ राखून ठेवली आहे, आणि तो निर्णय योग्य होता हे आज सकाळी घेवड्याच्या वेलाजवळ बसल्यावर मनोमन पटले.

घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आला आहे. या दिवसांत माव्याच्या माद्या नराशिवायच थेट जिवंत पिल्ले घालतात, त्यामुळे काल तुरळक दिसणारी कीड आज शेंडा झाकून टाकते. त्यात मुंग्यांची भर पडते, कारण माव्याच्या अंगातून झरणाऱ्या गोड द्रवासाठी त्या त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. पण आज एका पानाच्या मागे, माव्याच्या गर्दीतच, फिकट हिरवी, बिनपायांची, एका टोकाला निमुळती अळी दिसली. ती सिरफिड माशीची अळी होती. अशी एक अळी वाढ पूर्ण होईपर्यंत शेकडो मावा फस्त करू शकते. प्रौढ माशी मात्र मकरंद आणि परागकणांवर जगते. तिची सोंड आखूड असल्याने तिला कोथिंबिरीसारखी उघडी, बारीक फुले सोयीची पडतात. त्या पांढऱ्या छत्र्यांवर हवेत स्थिर तरंगणाऱ्या या माश्या सकाळभर दिसत होत्या. अंडी घालायला त्या माव्याजवळच जातात, म्हणून फुलांची ओळ आणि घेवडा शेजारी असणे मला फार मोलाचे वाटते.

साबणाचे पाणी फवारण्याचा मोह मी टाळला, कारण त्याने मावा मरतो तशा अंगावर फवारा पडलेल्या या अळ्याही मरतात. अगदी भरलेले दोन-तीन शेंडे तेवढे अळ्या नाहीत हे पाहून खुडले आणि बाकीचे अळ्यांवर सोपवले. वेलीवर थोडा मावा उरला पाहिजे; तो पूर्ण संपला तर त्याला खाणारेही तिथे थांबणार नाहीत.

टोमॅटोला पहिली फळे धरली आहेत, त्यामुळे पाण्याकडे आता जास्त लक्ष हवे. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी चिखल असे झाले की फळाच्या तळाशी काळा, खोलगट डाग पडतो. मातीत पुरेसे कॅल्शियम असूनही असे घडते, कारण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचते. म्हणून मी बोट मातीत खुपसून ओल पाहते, वाफसा जाईल असे वाटले तरच सकाळी मुळांपर्यंत मुरेल इतके पाणी देते, आणि वर वाळक्या पानांचे सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन ठेवते. बेसिलचे शेंडे पानांच्या जोडीच्या वर खुडले, म्हणजे खालून दोन फांद्या फुटतील. पुदिना कुंडीतच राहू दिला आहे, कारण जमिनीत त्याचे धावते खोड सगळा वाफा व्यापते.

कोथिंबिरीच्या काही छत्र्यांत हिरवे धणे दिसू लागले आहेत. निम्मे तपकिरी झाले की दांडे कापून, कागदी पिशवीत उलटे टांगून वाळवीन. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्यापूर्वी ते हलके रगडून फोडावे लागतील. ऊन उतरले की त्यांची पेरणी याच वाफ्याच्या दुसऱ्या कडेला करायची आहे.