बॉर्डरलाइन लिहिण्याआधी

इंग्लंडमध्ये २०१९ पासून गर्भाशयमुखाचा नमुना आधी एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणारा विषाणू, आहे का हे पाहायला चाचणीला जातो. विषाणू सापडला नाही, तर स्लाइड बनतच नाही. इथल्या लॅबमध्ये आल्यावर हे पचायला मला फार जड गेलं. पेशी न बघताच बाईला मोकळं करायचं? विषाणू नसेल तर पुढची काही वर्षं या कॅन्सरचा धोका अगदी कमी असतो, हे मलाही माहीत होतं. तरी हात मायक्रोस्कोपकडे जायचाच.

खरी अडचण पुढे कळली. आता माझ्यासमोरची प्रत्येक स्लाइड एचपीव्ही पॉझिटिव्ह, आणि ते मला आधीच ठाऊक. केंद्रक जरा फुगलेलं दिसलं की मन म्हणतं, 'बॉर्डरलाइन', म्हणजे किंचित संशयास्पद बदल, असं लिही आणि मोकळी हो. पण इथे पॉझिटिव्ह बाईला बॉर्डरलाइन म्हणजे थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी. नॉर्मल म्हणजे वर्षाने पुन्हा नमुना. बॉर्डरलाइन म्हणजे कॅन्सर नव्हे, पण घरी पत्र आलं की तिची झोप उडतेच.

परवाची स्लाइड पाळी गेलेल्या बाईची होती. पेशी लहान, केंद्रकं गडद. भोवतीचा पेशीद्रव कमी, म्हणून केंद्रकं मोठीच भासत होती. पण कडा गुळगुळीत, क्रोमॅटिन (केंद्रकातलं रंग घेणारं द्रव्य) एकसारखं. हा वयाचा परिणाम. कडेला मात्र पाच-सहा पेशींचा पुंजका: केंद्रकाच्या कडेला खाचा, क्रोमॅटिन दाणेदार, केंद्रकाने जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली. हे हाय-ग्रेड, म्हणजे कॅन्सरपूर्व गंभीर बदल. खूण केली, स्लाइड दुसऱ्यांदा तपासणाऱ्या चेकरकडे आणि तिथून वरिष्ठ डॉक्टरकडे, म्हणजे कन्सल्टंटकडे गेली.

'तुमच्या देशात अजून काचेवर पसरलेले स्मिअर वाचतात?' असं इथे विचारतात. वाचतात, आणि चांगले वाचतात. रक्त, पू, एकमेकींवर चढलेल्या पेशी यांतून केंद्रकाची कड शोधायला आम्ही शिकलो, तेही एचपीव्हीचा निकाल हाताशी नसताना. इंटरमीडिएट, म्हणजे मधल्या थरातल्या नॉर्मल पेशीच्या केंद्रकाशी ताडून क्षेत्रफळाने अडीच-तीनपट मोठं भरलं, तरच शंका घ्यायची. त्या शिस्तीमुळेच आज पॉझिटिव्हच्या शिक्क्याने माझी नजर ढळत नाही.

एक गोष्ट मात्र इथलीच घेण्यासारखी. मी निगेटिव्ह दिलेली स्लाइडही दुसरं कुणीतरी झरझर नजरेखालून घालतं. तिकडे मी एकटीच सही करायचे. आणि तिकडे माझ्याकडे स्मिअर यायचा तो बहुतेकदा रक्तस्राव सुरू झाल्यावर. काहीच तक्रार नसलेल्या बायकांच्या पेशींतले हे सुरुवातीचे बदल इतक्या संख्येने मला तिकडे बघायला मिळाले नसते, म्हणून सध्या इथेच आहे.