कोरडी चादर आणि मापाचा मग

बुधवार, रात्री साडेनऊ

आज दुपारी साताऱ्याहून त्या तरुण मित्राचा फोन आला. आमची ओळख रुग्णालयातली. कर्करोगामुळे मूत्राशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आम्हा दोघांची एकाच वॉर्डात झाली आणि दोघांनाही लहान आतड्याच्या तुकड्यापासून नवे मूत्राशय, म्हणजे डॉक्टरमंडळी ज्याला निओब्लॅडर म्हणतात ते, करून दिलेले आहे. "काका, काल रात्री लघवीला उठायचा गजरच लावला नाही. रात्रभर झोपलो आणि चादर एकदम कोरडी!" कित्येक महिने डायपर लावून झोपणाऱ्या माणसाला याचा किती आनंद होतो, हे मला कोणी सांगायला नको. मी त्याला एवढेच विचारले की सकाळी मापाच्या मगात लघवी किती भरली. तो जरा थांबून म्हणाला, "आठशे मिलिलिटर." मग मात्र माझ्याने त्याचे अभिनंदन करवेना.

आतड्याचा साधारण अर्धा मीटर लांबीचा तुकडा घेऊन तो उभा चिरतात, उघडून पसरतात आणि पुन्हा गोलसर शिवतात. नळीच्याच आकारात ठेवला, तर अन्न पुढे ढकलण्याच्या आपल्या मूळ धर्माप्रमाणे तो लघवीही ढकलत राहील, म्हणून हा खटाटोप. आमच्या सर्जननी जी पद्धत वापरली ती स्वित्झर्लंडमधील बर्न येथील उर्स स्टुडर यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. सुरुवातीला या नव्या मूत्राशयात जेमतेम १५० मिलिलिटर मावते. ते सावकाश ताणून ४०० ते ५०० पर्यंत न्यायचे आणि तेथेच थांबवायचे, कारण त्यापुढे ते सैल पडत जाते, पुरते रिकामे होत नाही, मागे राहिलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो आणि शेवटी दररोज स्वतः नळी घालून लघवी काढण्याची पाळी येते. म्हणजे चादर कोरडी राहूनही रात्र वाईट गेलेली असू शकते, आणि हे त्या बिचाऱ्याला फोनवर समजावून सांगताना मला फार जड गेले. "आज रात्रीपासून गजर पुन्हा लावा आणि हा आठशेचा आकडा उद्याच डॉक्टरांच्या कानावर घाला," असे सांगून फोन ठेवला.

दिवसा लघवी गळण्याचा प्रश्न बहुतेकांचा काही महिन्यांत सुटतो. रात्रीचा सुटायला वर्ष-दीड वर्षही लागते आणि काहींचा पुरता सुटतच नाही. मूळच्या मूत्राशयाला भरत आल्याची जाणीव असते आणि झोपेतही ती खालच्या झडपेच्या स्नायूला आपोआप घट्ट करते. आतड्याच्या पिशवीला ही बोली येत नाही. दिवसा ओटीपोटात गॅस झाल्यासारखे जडपण जाणवते तेवढीच काय ती सूचना, आणि गाढ झोपेत तीही पोहोचत नाही. शिवाय आतड्याचे अस्तर पाण्याची देवघेव करणारे असल्यामुळे रात्रीची दाट लघवी शरीरातले पाणी आत ओढून घेते आणि पिशवी अपेक्षेपेक्षा लवकर भरते.

म्हणून रात्री पावणेअकराला एकदा, मग दोन वाजता आणि मग पाच वाजता, असा माझा गजर ठरलेला आहे. सुरुवातीला तो दर दोन तासांनी असे. उठल्यावर कमोडवर बसायचे. उभ्याने उरकायचे दिवस संपले, आणि जुना भारतीय संडास आमच्या गुडघ्यांनी आधीच रद्द केला होता. बसल्यावर पहिले काम खालचे स्नायू सैल सोडणे, मग किंचित पुढे वाकून तळहाताने ओटीपोटावर हळूहळू दाब देणे. धार थांबली की उठायचे नाही. मिनिटभर बसून पुन्हा तसेच करायचे, आणि या दुसऱ्या खेपेला कधी कधी पन्नास-साठ मिलिलिटर निघतात. मगात तळाशी पांढरट तंतू तरंगताना दिसतात. तो आतड्याचा श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत स्राव आहे, पू नव्हे, हे कळेपर्यंत माझी झोप उडालेली होती. मगावरची रेघ वाचून वेळ आणि आकडा वहीत लिहितो. आयुष्यभर लेखा विभागात काढल्यामुळे असेल, पण पहाटे पाचला आकडा लिहिण्यात मला एक प्रकारचे समाधान वाटते, हे कबूल केलेच पाहिजे.

पाण्याबाबत आमच्या घरात बराच वाद झाला. रात्री ओले होऊ नये म्हणून दिवसभरच पाणी तोडावे, असे सौ.चे म्हणणे होते आणि ते सहज पटण्यासारखेही आहे. परंतु आतड्याची ही पिशवी लघवीतील आम्ल काही प्रमाणात रक्तात परत घेते. पाणी कमी पडले तर हा त्रास वाढून थकवा, मळमळ आणि भूक मरणे सुरू होते. त्या आम्लावर उतारा म्हणून मला सोडिअम बायकार्बोनेटच्या गोळ्याही आहेत. तेव्हा पाणी कमी न करता त्याची वेळ बदलली. संध्याकाळी सहापर्यंत दोन-अडीच लिटर, शेवटचा चहा पाचच्या आत, आणि रात्रीच्या जेवणातून कढी, सार आणि ताक हद्दपार. दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडतो, म्हणजे पायात उतरलेले पाणी रात्रीऐवजी दिवसाच बाहेर पडते. रात्रीची लघवी कमी करणारी गोळी मिळते असे कळल्यावर मी ती मागितली होती, पण माझ्या वयात तिने रक्तातील सोडिअम धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी दिली नाही.

एवढे करूनही ओल्या रात्री येतात. थंडीत जास्त, आणि दमून झोपलो की हमखास. गादीवर मेणकापड, त्यावर जुनी सुती चादर आणि उशाशी घडी केलेला दुसरा लेंगा, अशी व्यवस्था आहे. पूर्वी सौ. उठून दिवा लावत असे. आता मी अंधारातच चादर बदलतो आणि ती झोपल्याचे नाटक करते. यात आम्हा दोघांचीही सोय आहे, आणि या विषयावर आम्ही कधी बोललेलो नाही.

पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न सांगलीला आहे. हॉलवर सगळ्यांच्या ओळीत गाद्या टाकून झोपणे मला शक्य नाही, हे आजच बहिणीला स्पष्ट सांगितले. तिने का म्हणून विचारले नाही आणि कमोड असलेली लॉजची खोली पाहते म्हणाली. सामानात मेणकापड, डायपर, मग आणि वही घ्यायची आहे. बाहेरगावच्या दोन रात्रींसाठी कॉन्डोम कॅथेटर, म्हणजे निरोधसारखे बाहेरून चढवायचे नळीचे आवरण, आणि लघवी साठवायला पायाला बांधायची पिशवी वापरावी का, हे सोमवारच्या तपासणीत विचारायचे आहे. त्याच वेळी जीवनसत्त्व बी-१२ आणि मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीची आठवण करायची, आणि पहाटेचे आकडे आता ४२० च्या आसपास स्थिर असल्यामुळे दोनचा गजर अडीचवर नेता येईल का, तेही विचारायचे.